रेल्वेच्या गावातली सरकारी शाळा : दौंडकरांनो, आपापले अनुभव लिहा

आता आम्ही हडपसरला असतो, पण शाळा सगळी दौंडला झाली. मनमाडची लाइन १८७८ ला जोडली आणि जंक्शन झालं हे सगळे सांगतात, पण तिथली पोरं शिकली कुठे ते कोणी लिहीत नाही. बोर्डाची, झेडपीची, पालिकेची, कुठलीही शाळा चालेल, आठवेल तसं लिहा.

—
वडिलांच्या दाखल्यावर अजून जिल्हा लोकल बोर्ड आहे, झेडपी १९६२ ला आली ना. तेव्हा सातवीची फायनल पास झालं की मास्तर व्हा नाहीतर रेल्वेत चिकटा. आजोबा फायरमन, त्यामुळे वडील कुठे चिकटले ते सांगायला नको.

—
आमचे बाबा गार्ड. सोलापूर, दौंड, परत सोलापूर. आम्ही आधी पोचायचो, दाखला मागनं कधीतरी यायचा, तोवर हजेरीत नाव नाही आणि गुरुजी म्हणायचे बस मागे, मग चाचणीचा पेपर पण मिळायचा नाही. वर्गात तेलुगू, तमिळ, ख्रिश्चन सगळी पोरं, मराठी सगळ्यांना यायची, शिव्या आधी.

—
ईबीसी, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची फी सवलत, विसरलात का? साठच्या दशकात वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत असलं की हायस्कूलची फी माफ. रेल्वेवाल्याचा पगार कागदावर, लपवणार कसा? आम्ही फी भरायचो आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या ऊसवाल्याच्या पोराची माफ!! अजून राग येतो.

—
मी १९७५ च्या दहावीच्या पहिल्या बॅचची. पुढे कॉलेजला पुण्याला, पहाटेची पॅसेंजर, घरात पास फुकट म्हणून मुलीला पाठवलं, नाहीतर दहावीनंतर लग्नच होतं.

—
मी झेडपी शाळेत शिक्षिका होते, दौंड तालुक्यातच. १९९५ ला तांदूळ सुरू झाला, महिन्याला तीन किलो, ऐंशी टक्के हजेरी असेल तरच, मग काय, तापात पण पोरं वर्गात. रेल्वेवाल्यांची मुलं तोवर इंग्लिश मीडियमला गेलेली. नंतर वर्षाच्या मधेच यायची ती ऊसतोडीवाल्यांची, वीटभट्टीवाल्यांची. वर गार्डसाहेबांच्या मुलाने लिहिलंय तसं मागे बसवणं आता चालत नाही हो, २०१० पासून आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा आहे, दाखला नसला तरी प्रवेश द्यावाच लागतो. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, म्हणून अक्षरओळख नसलेलं पोरगं थेट चौथीत, आणि ते शिकवायला मी एकटी, दोन वर्ग सांभाळून.