आयसर तिरुपती की वालचंद इलेक्ट्रिकल? शुक्रवारच्या आत ठरवायचंय

बार्शीचा_वाइंडर

नमस्कार. मी बार्शीचा. दहावीपर्यंत सेमी, नंतर दोन वर्षं लातूरला क्लास. आयसर म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. त्यांच्या प्रवेश परीक्षेत (आयएटी) तिरुपतीला बीएस-एमएसची (विज्ञानाची पाच वर्षांची पदवी) जागा लागली आहे. सीईटीच्या पर्सेंटाइलवर सांगलीच्या वालचंद कॉलेजला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग मिळेल, असं फॉर्म भरून देणारे सर म्हणतात. आयसरचे पैसे शुक्रवारपर्यंत भरायचे आहेत.

वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सातवीपासून मी तिथं बसतो. तीन फेजच्या सबमर्सिबलचे टर्न मोजणं, स्लॉटला लेदराइड (इन्सुलेशनचा जाड कागद) कापून घालणं, वार्निश, सगळं येतं. दोन फेज अदलाबदल केले की मोटर उलटी का फिरते, हे मी नववीत क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेला येत नाही. शेवटी दुकानातच अर्धवट समजलं, अकरावीत पूर्ण.

आईला तिरुपती म्हटल्यावर आनंदच झाला, बालाजी आहे म्हणून. वडील म्हणतात, इलेक्ट्रिकल घे, दुकान मोठं होईल. पण अकरावीला मी बायो सोडून आयटी घेतलं होतं. आयएटीच्या ६० प्रश्नांत १५ बायोचे होते, त्यातले ५ कसेबसे सोडवले, बाकीचे चुकले की मार्क जातात म्हणून सोडून दिले. असला मुलगा तिथं टिकेल का? क्लासमध्ये पहिल्या दहात असायचो, पण तिथं सगळेच तसले असणार.

शिवाजीनगर_लोकल

लागलंय ना? मग विचार कसला करतोस! देशात आयसर फक्त सात आहेत. जागा सोडलीस तर आयुष्यभर पस्तावशील.

जुना_वालचंदकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही. सात आहेत म्हणून घ्यायचं हे कारण नव्हे. मी इलेक्ट्रिकलचाच, २२ वर्षं पॅनेल आणि स्विचगियरमध्ये गेली. व्यवहाराचं सांगतो. महावितरण, महापारेषणची अभियंत्याची जाहिरात आली की बी.ई. किंवा बी.टेक. लागते, तिथं बीएस-एमएस चालत नाही. उलट बी.टेक. करून पुढे फिजिक्सच वाटलं, तर जेस्ट किंवा गेट ही प्रवेश परीक्षा देऊन पीएच.डी.ला जाणारे आहेत. वाट अवघड आहे, बंद नाही. राज्यातल्या कॉलेजात ईबीसीची (आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची) फी-सवलतही बघ. आयसरला इन्स्पायर शिष्यवृत्ती असते, वर्षाला ८० हजारांची, पण तिचे निकष आधी नीट वाच. मिळेलच असं धरून वडिलांना हिशेब सांगू नकोस.

खोडदची_तबकडी

भावा, मी याच कुळातल्या एका संस्थेतून पाच वर्षं काढून बाहेर पडले. कुठली ते सांगत नाही. गाव कराडजवळचं. दहावीला शाळेत पहिली. पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या पेपरात ४० पैकी ११.

मार्कांचं दुःख आठवड्यात संपलं. जास्त लागलं ते वेगळंच. माझी रूममेट ऑलिंपियाडच्या शिबिरासाठी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात जाऊन आलेली. ती एकाच प्रश्नावर रविवार घालवायची, उत्तर न येताच जेवायला यायची आणि खुशीत असायची. मला ते कळेचना. मला उत्तर आलं की बरं वाटायचं, तिला प्रश्न सापडला की. मला तसं व्हायला दोन वर्षं लागली. आमच्या मजल्यावरच्या दोघी कधीच तशा झाल्या नाहीत. हुशारीत त्या माझ्या पुढे होत्या, पण तिथं कुढत राहिल्या.

बायोचं फार मनावर घेऊ नकोस. सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो हे चारही विषय सगळ्यांनाच करावे लागतात. बायोवाल्यांना गणिताला फेफरं येतं, गणितवाल्यांना बायोला. रात्री मेसमध्ये एकमेकांना शिकवून सगळे पास होतात. इंग्रजीचंही तसंच, दिवाळीपर्यंत कान सरावतो.

पाचव्या वर्षी प्रबंध असतो. माझा नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर होता. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातले आठ महिने मी नुसता गोंगाट साफ करत होते. त्या आठ महिन्यांत मला कंटाळा आला नाही, तेव्हा समजलं की जागा बरोबर होती. म्हणजे चार वर्षं उशिरा! (सध्या हवामानाच्या डेटाचं काम करते. पीएच.डी. केली नाही, तेही सांगून ठेवते.)

तुझ्या पोस्टमध्ये दुकानावर चार ओळी आहेत, आयसरमध्ये काय शिकायचंय यावर एकही नाही. म्हणून एक काम देते. सिंगल फेजच्या एका वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी डोलतं. म्हणून कपॅसिटर लागतो, हे तुला माहीत असेल. आता कागदावर दाखव, की ते डोलणारं क्षेत्र म्हणजे अर्ध्या ताकदीची, एकमेकांच्या उलट फिरणारी दोन क्षेत्रं. बारावीच्या त्रिकोणमितीत होतं. यूट्यूब बघायचं नाही. मग सांग, कधी उठलास आणि उठून काय केलंस.

जुना_वालचंदकर

ताई, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला मशिन्समध्ये होतं. आम्ही पाठ केलं होतं 🙂

बार्शीचा_वाइंडर

ताई, केलं. काल दुपारी दुकानात बसलो, बिलबुकाच्या पाठीमागच्या बाजूवर. पहिल्यांदा दोन्ही क्षेत्रं एकाच दिशेला धरली, दीड तास उत्तर येईना. मग एकाचं चिन्ह बदललं, आडवे भाग एकमेकांना खाऊन गेले आणि नुसता डोलणारा भाग उरला. पण तेवढ्यावर उठवेना. दोन्ही क्षेत्रं सारखीच असतील तर रोटरनं (मोटरच्या फिरणाऱ्या भागानं) कुणाचं ऐकायचं? म्हणजे कपॅसिटर काढून हातानं ज्या बाजूला ढकलू त्या बाजूला फिरायला पाहिजे. एक जुनी सिंगल फेज मोटर होती. स्टार्टिंगचं वाइंडिंग सोडवलं, सप्लाय दिला, नुसती गुणगुणली. सप्लाय बंद करून शाफ्टला दोरी गुंडाळली, परत चालू करून लांबून हिसका दिला. उजवीकडे ओढली तर उजवीकडे. थांबवून डावीकडे ओढली तर डावीकडे. सहा वेळा केलं, दर वेळी तसंच.

फिरायला लागल्यावर दोघांतलं एक क्षेत्र वरचढ का होतं, ते अजून सुटलं नाही. रात्री दोनपर्यंत त्यावरच होतो, कृपया लगेच सांगू नका.

आणि वैरागच्या एका गिऱ्हाइकाची पाच एचपीची मोटर संध्याकाळी द्यायची होती, ती तशीच राहिली. ते येऊन बोलून गेले. वडिलांनी आधी त्यांची माफी मागितली, मग बिलबुक उलटून पाहिलं. मला काही बोलले नाहीत. रात्री जेवताना विचारलं, कुर्डुवाडीहून मद्रासच्या गाडीनं तिरुपतीजवळच्या रेणिगुंट्याला किती वाजता पोचतं.