चाहत्यांचा ग्रुप वाढतोय, खेळीमेळी टिकवायची कशी?

कंदील
दर शुक्रवारी नवा भाग येणाऱ्या एका मालिकेच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. ३४० सदस्य आहेत आणि आता डिस्कॉर्डवर, म्हणजे विषयवार खोल्या करता येणाऱ्या गप्पांच्या अ‍ॅपवर, जायचं ठरलंय. अडचणी तीन. भाग आला की तासाभरात कोणीतरी शेवट फोडतं. दोन पात्रांच्या चाहत्यांमध्ये दर आठवड्याला जुंपते. आणि नवे लोक 'नमस्कार' लिहून जे गप्प होतात ते कायमचेच. सांभाळायला आम्ही दोघंच आहोत. सुरुवात कुठून करावी? नियम किती आणि कसे लिहावेत?

शाईपेन
आधी चॅनेलचं, म्हणजे विषयवार खोल्यांचं बघा. नव्या सर्व्हरवर (डिस्कॉर्डवरच्या ग्रुपला सर्व्हर म्हणतात) हौसेने पंचवीस चॅनेल उघडले जातात आणि तिथेच घात होतो. रोज बोलणारे मोजकेच असतात, ते पंचवीस खोल्यांत विखुरले की प्रत्येक खोली ओस दिसते. ओस खोलीत नवा माणूस तोंड उघडत नाही. सुरुवातीला पाच पुरेत: नियम आणि घोषणा, ओळख, गप्पा, ताजा भाग, चाहत्यांची चित्रं आणि लेखन. गप्पांमध्ये एकच विषय सलग दोन आठवडे बाकीच्यांना बोलू देत नसेल, तरच त्याला सहावी खोली द्या.

आता स्पॉयलर, म्हणजे न पाहिलेल्या भागातलं गुपित फोडणं. 'स्पॉयलर टाकू नका' एवढंच लिहिलं तर भांडण ठरलेलं, कारण प्रत्येकाची व्याख्या वेगळी. कोणाला फक्त मृत्यू म्हणजे स्पॉयलर वाटतो, कोणाला नव्या पात्राचं नावसुद्धा. म्हणून कालावधी आणि जागा दोन्ही ठरवून टाका. शुक्रवारच्या भागाबद्दल पुढच्या शुक्रवारपर्यंत फक्त 'ताजा भाग' चॅनेलमध्ये मोकळेपणाने बोलायचं. बाकी सगळीकडे मजकुराच्या आधी आणि नंतर दोन-दोन उभ्या रेघा देऊन तो झाकायचा. आणि झाकण्याआधी भागाचा क्रमांक उघडा लिहायचा, असा:

भाग ६: ||दार आतून बंद होतं||

क्रमांक नसेल तर चौथ्या भागावर असलेल्या माणसाला ते उघडावं की नाही हे कळणार कसं? लोक तो हमखास विसरतात.

झाकूनही फुटतं ते तीन जागी. एक, थ्रेडचं (चॅनेलमध्ये एका विषयासाठी उघडलेल्या उपचर्चेचं) शीर्षक. ते झाकता येत नाही, म्हणून तिथे फक्त भागाचा क्रमांक. दोन, प्रोफाइलचं चित्र आणि टोपणनाव. तीन, आडून दिलेली सूचना: 'सहावा बघ, मग बोलू तुझ्या लाडक्याबद्दल'. हाही स्पॉयलरच, आणि नियमात तसं स्पष्ट लिहा.

पाणवठा
शाईपेन यांच्याशी सहमत. मी मॉडरेशनबद्दल, म्हणजे ग्रुप सांभाळण्याबद्दल लिहितो.

दोघांवर भागणार नाही. सदस्यसंख्येवरून हिशेब करू नका, गर्दीच्या वेळा बघा. तुमच्याकडे शुक्रवारची रात्र आणि शनिवार हीच खरी कसोटी. तेवढ्या वेळात कायम दोघं जागे हवेत, म्हणजे एकूण चार-पाच जण लागतील. निवडताना सगळ्यात जास्त लिहिणारा माणूस उचलू नका. भांडणात विषय बदलून वातावरण हलकं करणारा कोण आहे ते शोधा. दोन्ही पात्रांच्या बाजूचे लोक मात्र नक्की घ्या, नाहीतर प्रत्येक निर्णय पक्षपाती वाटेल.

त्यांना 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' (सगळे अधिकार देणारी) परवानगी देऊ नका. संदेश हटवणं, टाइमआउट देणं (ठरावीक वेळ सदस्याचं बोलणं बंद करणं), सदस्य काढणं, बॅन करणं (कायमचं बाहेर ठेवणं) आणि स्लोमोड लावण्यासाठी चॅनेल सांभाळणं एवढ्याच परवानग्या पुरतात. रोलचा (सदस्यांना दिलेल्या अधिकार-गटांचा) क्रमही तपासा: रोलच्या यादीत आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या सदस्यावर मॉडरेटरला कारवाई करता येत नाही. हौसेने बनवलेला 'जुने सदस्य' हा रोल चुकून वर राहिला, तर ऐन वेळी बटण चालत नाही. आणि मॉडरेटरच्या कारवाईसाठी दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची करा, कारण एका मॉडरेटरचं खातं चोरीला गेलं तरी सगळा सर्व्हर उधळतो.

कारवाई लवकर आणि छोटी करावी. आवाज चढायला लागला की आधी त्या चॅनेलला स्लोमोड लावा, म्हणजे एका सदस्याला दोन संदेशांमध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं. तो ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत लावता येतो. भांडणासाठी ३० सेकंद ते २ मिनिटं पुरतात. उत्तर द्यायला थांबावं लागलं की निम्मा राग ओसरतो. तरीही एखादा थांबत नसेल तर खाजगीत संदेश, मग एका तासाचा टाइमआउट, मग एका दिवसाचा. बॅन हा शेवटचा उपाय. पण शिवीगाळ, कोणाचा पत्ता किंवा फोन नंबर उघड करणं, अल्पवयीनांना त्रास देणं, यांना पायऱ्या नाहीत. तिथे थेट बॅन.

खाजगी संदेशात माणसाबद्दल बोलू नका, वाक्याबद्दल बोला: 'तुमचा ९:४० चा संदेश काढला आहे. पात्रावर टीका चालेल, पण त्याच्या चाहत्यांना "बिनडोक" म्हणणं नियम ३ मध्ये बसत नाही. तो शब्द वगळून पुन्हा टाकलात तर हरकत नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका, परतीचा रस्ता त्यातच आहे. चारचौघांत सुनावलं की माणूस हट्टाला पेटतो आणि त्याचे मित्र धावून येतात.

डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग (कोणी काय कारवाई केली याची आपोआप होणारी नोंद) ४५ दिवसच राहतो. म्हणून मॉडरेटरांच्या बंद चॅनेलमध्ये प्रत्येक कारवाईची एक ओळ लिहून ठेवा: तारीख, कोण, कोणता नियम, काय केलं, पुराव्याचा स्क्रीनशॉट. तीन महिन्यांनी 'मलाच का?' विचारलं गेलं की हीच नोंद कामी येते. ज्या वादात मॉडरेटर स्वतः उतरलाय, तिथे कारवाई दुसऱ्याने करायची.

रानवाट
नव्या लोकांबद्दल. बॉटच्या (आपोआप संदेश टाकणाऱ्या प्रोग्रामच्या) स्वागताला कोणी उत्तर देत नाही, माणसाच्या प्रश्नाला देतात. ओळख चॅनेलमध्ये मोकळा 'स्वतःबद्दल सांगा' नको, तो अवघड पडतो. 'कितव्या भागापर्यंत पोचलात, आणि कोणता प्रसंग डोक्यातून जात नाही?' असं विचारा. उत्तर आलं की पहिल्या तासात एका जुन्या सदस्याने त्याच प्रसंगावर काहीतरी लिहायला हवं. हे काम नशिबावर सोडू नका, तीन-चार जणांत वार वाटून घ्या.

जुन्यांच्या एका सवयीवर मात्र कडक राहा: 'हे शंभर वेळा झालंय, आधी शोधा'. नव्याला तो प्रश्न पहिल्यांदाच पडलेला असतो. जुन्या चर्चेची लिंक द्या आणि सोबत एक वाक्य उत्तरही. 'खरा चाहता' हा शब्दप्रयोग तर नियमातच बंद करा.

चित्रं आणि लेखनाच्या खोलीत दुसऱ्याचं काम टाकताना मूळ कलाकाराचं नाव आणि दुवा सक्तीचा. न मागता चुका काढायच्या नाहीत. ज्याला सूचना हव्यात तो तसं लिहील. या खोलीत एक बोचरा शेरा आला की पुढचे दहा जण आपली वही बाहेर काढत नाहीत.

कंदील
फार उपयोगी, मनापासून आभार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लगेच बंद करू का? आणि नियमाचा मसुदा असा केलाय: 'नवीन भागाबद्दल आठवडाभर बाहेर बोलू नये. शक्यतो स्पॉयलर झाकावेत.'

पाणवठा
लगेच बंद नको. महिनाभर 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील' ही सेटिंग ठेवा आणि दर शुक्रवारी डिस्कॉर्डवरच्या एका चांगल्या चर्चेचा दुवा टाका. मग बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो, हेही हलण्याचं कारण म्हणून सांगा. अनेकजण तेवढ्यासाठीच येतील.

शाईपेन
मसुद्यातला 'शक्यतो' काढा, सगळे वाद त्या एका शब्दात शिरतील. 'आठवडाभर' ऐवजी 'पुढच्या शुक्रवारी नवा भाग येईपर्यंत', म्हणजे तास मोजत कोणी बसणार नाही. आणि 'बाहेर' म्हणजे कुठे? चॅनेलचं नाव लिहा.