बदकाचं पिल्लू पायावर उभं राहत नाही, मदत हवी आहे

कोंबडीची आणि बदकाची पिल्लं एकाच खुराड्यात आहेत. कोंबडीची टुणटुणीत, पण बदकाचं एक पिल्लू परवापासून पाय फाकवून बसतंय; दाण्यापर्यंत जायचं तर पंख टेकवत सरपटतं. खाणंपिणं मात्र व्यवस्थित. सगळ्यांना एकच चिक स्टार्टर (कोंबडीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) देतो. बदकाच्या पिल्लांना नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) कोंबडीपेक्षा जास्त लागतं, म्हणून पाय त्याच्या कमतरतेनं गेले असा संशय येतो. ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पावडर) खाद्यात मिसळायचं तर किलोला किती? की पाण्यातून नायसिन दिलेलं बरं? कोंबडीच्या पिल्लांनी तेच खाल्लं तर चालेल ना? शिवाय ही बदकं पाणी उडवून भुशाचा पार चिखल करतात (हौस दांडगी!). ओल्यात घसरूनही पाय फाकत असतील का? वेगळं ठेवलं की एकटं ओरडत बसतं. असं पिल्लू कुणी बरं केलंय का?