चलतीचे चाहते, पडतीचे पाठीराखे : तुमचा अनुभव काय?

फायनल हरल्यावर रडणारा माणूस निष्ठावान असतोच, असं मला वाटत नाही. फायनल हरल्यावर कोणीही रडतो. माझ्या मते फुटबॉलचा पाठीराखा ओळखावा तो एप्रिल महिन्यात, हंगाम संपत आलेला असताना. संघ गुणतक्त्यात बाराव्या क्रमांकावर आहे, वर जायची आशा नाही, खालच्या लीगमध्ये घसरायची भीती नाही, समोर तसाच एक अकराव्या क्रमांकाचा संघ आणि सत्तराव्या मिनिटाला शून्य-शून्य. हा सामना जो शेवटपर्यंत बघतो आणि वर दुसऱ्या दिवशी लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) कुठे उभा होता यावरून वाद घालतो, तो आपला माणूस.

हे झालं माझं मत. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे तुम्हीही पाहिले असतील, कदाचित घरातच. त्यांच्याबद्दल लिहा, स्वतःबद्दल लिहा. दोनच विनंत्या : दुसऱ्याच्या क्लबची उणीदुणी नकोत, आणि ‘खरा फॅन कोण’ यावर प्रवचन नको. घडलेलं सांगा.

•••

मी लंडनच्या आर्सेनलकडे आलो २००३-०४ च्या हंगामात, म्हणजे अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकली तेव्हा. थोडक्यात, चलतीतच आलो. आमच्या कंपूत तेव्हा बरेच आर्सेनलवाले होते. २००५ चा एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) आला आणि मग नऊ वर्षं ट्रॉफीचं कपाट बंद. नव्या स्टेडियमचं कर्ज डोक्यावर, दर उन्हाळ्यात एखादा चांगला खेळाडू जायचा, आणि चौथा क्रमांक मिळाला की आम्ही ट्रॉफी मिळाल्यासारखे नाचायचो.

२८ ऑगस्ट २०११, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ ने हार. तिथे गेलेल्या आर्सेनलच्या प्रेक्षकांना क्लबने नंतर बाहेरच्या एका सामन्याचं तिकीट फुकट देऊ केलं, यावरूनही मी भरपूर ऐकून घेतलंय. पण गंमत सांगतो, ८-२ मुळे आमच्यातला एकही गळाला नाही. उलट त्या आठवड्यात सगळे हजर होते, शिव्या घालायला का होईना. गळती लागली ती नंतर, हळूहळू. आधी ‘आज जमणार नाही रे’. मग ‘स्कोअर कळव’. मग स्कोअर विचारणंही थांबलं. त्यातला एक जण मँचेस्टर सिटीबद्दल ‘खेळतात मात्र देखणं’ असं म्हणायला लागला, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

२०१४ ची एफए कप फायनल, समोर हल सिटी. आठ मिनिटांत आम्ही ०-२. मग काझोर्लाची फ्रीकिक, कोशेलनी, आणि जादा वेळेत रॅमसी. ३-२. शिट्टी वाजते न वाजते तोच त्या देखण्या खेळवाल्याचा मेसेज : ‘जिंकलो रे!!’

मी ‘अभिनंदन’ एवढंच लिहून पाठवलं.

•••

सिटीचा उल्लेख आलाच आहे, तर सिटीवाल्यांची बाजू मांडतो. २००८ मध्ये अबुधाबीचा पैसा आला आणि मागोमाग आमच्यासारखे आले, हे खरंच आहे. पण माझा एक जुना सहकारी मूळचा मँचेस्टरचा, वडिलांचं बोट धरून सिटी बघायला लागलेला. १९९८-९९ ला हा क्लब तिसऱ्या स्तरावर खेळत होता. तरी घरच्या मैदानावर सरासरी अठ्ठावीस हजार लोक यायचे. यॉर्कला जाऊन हरलेला सामनाही याने थंडीत उभं राहून पाहिलाय.

त्या हंगामाचा शेवट वेम्बलीवर, प्लेऑफ फायनल (जिंकेल तो वरच्या स्तरावर), जिलिंगहॅमविरुद्ध. ८१ व्या मिनिटाला ०-१, ८७ व्या मिनिटाला ०-२. हा उठला आणि निघाला. ‘मला त्यांना रडताना बघायचं नव्हतं’ असं तो सांगतो. जिना उतरणाऱ्यांनी भरलेला. बाहेर पार्किंगच्या दिशेने चालताना मागून आरडाओरडा ऐकू आला. हॉर्लॉकचा गोल. हा म्हणाला, झालं, समजूत घालायला एक दिला देवाने, आणि चालत राहिला. मग दुसरा आवाज आला. तो म्हणतो, तसा आवाज दोन गोलांनी मागे पडलेल्या संघाच्या बाजूने येतच नाही. पंचाण्णवाव्या मिनिटाला डिकॉव्हने बरोबरी साधली होती. माणसं उलटी पळत सुटली. सिटी पेनल्टीवर जिंकली.

आता सांगा, ८७ व्या मिनिटाला उठून जाणारा हा माणूस कोणत्या खात्यात टाकायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे. वर्षभर तिसऱ्या स्तरावरचं फुटबॉल तिकीट काढून बघणाऱ्याला सामन्यातून उठून जायचा पूर्ण अधिकार आहे. मी मात्र कधी लवकर टीव्ही बंद केला, तर मला कोणी माफ करू नये.

•••

आमच्या घरात उलटा प्रकार आहे. मी मँचेस्टर युनायटेडचा, १९९९ ची तिन्ही विजेतेपदं (लीग, एफए कप, चॅम्पियन्स लीग) पाहिलेला. शेवटच्या मिनिटाला गोल होणारच, हे आमच्या पिढीने गृहीतच धरलं होतं. प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ ला लीग जिंकून निवृत्त झाले आणि त्यानंतर लेकीने सामने बघायला सुरुवात केली. म्हणजे तिने युनायटेडला लीग जिंकताना एकदाही पाहिलेलं नाही. मी तिला म्हटलं होतं, बाई गं, वेगळा संघ निवड, आयुष्य सुखात जाईल.

तिच्या टेबलासमोर भिंतीवर कॅलेंडर असतं. त्यावर प्रत्येक सामन्याच्या चौकोनात ती बारीक अक्षरात निकाल लिहिते. जिंकलं की हिरवं पेन, हरलं की निळं. लाल नाही वापरायचं, कारण लाल आपला रंग आहे, हा तिचा नियम. २०२४-२५ चं कॅलेंडर बघवत नाही इतकं निळं आहे. लीगमध्ये पंधरावे आलो आणि युरोपा लीगची (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा) फायनलही टॉटनहॅमकडून ०-१ ने हरलो. मी त्या रात्री दहा मिनिटं बाकी असतानाच बडबड करत उठलो होतो. ती बसून होती. संपल्यावर निळं पेन शोधलं, निकाल लिहिला आणि मला विचारलं, ‘बाबा, प्रीसीझन कधी सुरू होतो?’ म्हणजे पुढच्या हंगामाआधीचे सराव सामने.

आमच्या पिढीचं प्रेम जिंकण्यावर होतं की क्लबवर, हा प्रश्न मला हल्ली पडतो. तिला तो पडायचं कारणच नाही.

•••

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, शिव्या पडल्या तरी चालतील. मी मेस्सीचा चाहता आहे. बार्सिलोना बघायचो ते त्याच्यासाठी. २०२१ मध्ये तो पॅरिसला गेला, मी पॅरिस बघायला लागलो. २०२३ ला अमेरिकेत इंटर मायामीत गेला, तेव्हा तो संघ आपल्या गटात तळाला होता. तळाच्या संघाचे सामने अवेळी उठून बघणाऱ्याला चलतीचा चाहता कसं म्हणणार? क्लबचे मालक बदलतात, प्रशिक्षक बदलतात, बोधचिन्हंसुद्धा बदलतात. मी एकाच माणसाला धरून आहे. ही निष्ठा नाही का?

•••

वरच्या मेस्सीभक्तांना : निष्ठा आहे, मान्य. पण ती तुमची आणि मेस्सीची. आम्ही बार्सिलोनावाले मागे राहिलो त्याचं काय? जर्मनीच्या बायर्न म्युनिकने आमच्यावर आठ गोल ठोकले ते मेस्सी असताना, आणि ते पचवायला सोबत होती. तो गेल्यावर आमच्या गप्पांच्या गटात इतकी शांतता पसरली की आधी वाटलं इंटरनेट गेलं. मग चॅम्पियन्स लीगच्या गटातूनच बाहेर, आणि गुरुवारी युरोपा लीग. त्या गुरुवारी जे दोघे-तिघे उरले होते त्यांच्याशी माझी मैत्री आजही आहे. यापलीकडे मला वाद घालायचा नाही.

•••

निष्ठा म्हणजे चिकटून राहणं, असं सगळेच गृहीत धरताहेत. मी दक्षिण लंडनमध्ये काही वर्षं राहिलो, तिथल्या शेजाऱ्याची गोष्ट सांगतो. लांबेल, पण सांगायलाच हवी.

हा गृहस्थ विम्बल्डनचा. टेनिसचा नाही, फुटबॉलचा. १९८८ च्या एफए कप फायनलमध्ये या छोट्या क्लबने लिव्हरपूलला १-० ने हरवलं, त्या सामन्याचं तिकीट त्याच्या बैठकीत फ्रेम करून लावलेलं. पुढे क्लबचं स्वतःचं मैदान सुटलं, आणि २००२ मध्ये तिघांच्या समितीने क्लबला नव्वदेक किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला हलायची परवानगी दिली. क्लब उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेवणार. नाव, खेळाडू, लीगमधली जागा, सगळ्यासकट.

पाठीराख्यांनी काय करावं? नवा क्लब काढला. एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर चाचणी ठेवली. ज्याला कोणता क्लब नाही त्याने यावं. दोनशेहून जास्त जण आले. शेजारी तिथे बघायला गेला होता. तो सांगायचा, त्यातल्या काही जणांना धड पास देता येत नव्हता, तरी आम्ही प्रत्येक पासला टाळ्या वाजवत होतो. मग पार खालच्या लीगमधून सुरुवात, जिथे एका बाजूला झाडं आणि दुसऱ्या बाजूला कुत्री फिरवणारे लोक. तिथेही हजारोंनी माणसं यायची. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये, ल्यूटनला पेनल्टीवर हरवून, हा क्लब परत फुटबॉल लीगमध्ये आला. क्लबची मालकी पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे.

आता मुद्दा. शेजाऱ्याचा एक लहानपणापासूनचा मित्र होता, दोघे मिळून सामने बघायचे. तो मित्र मिल्टन कीन्सला जाऊ लागला. त्याचं म्हणणं असं की खेळाडू तेच आहेत, मी त्यांना ऐन वाईट काळात कसं सोडू? माझा शेजारी म्हणायचा, ज्यांनी आपल्याला सोडलं त्यांच्यामागे तू कसा धावतोस? मी दोघांनाही भेटलोय. दोघेही आपापल्या परीने निष्ठावानच. दोघांचं बोलणं बंद. शेजारी त्या क्लबचं नावही घ्यायचा नाही, गुणतक्ता बघताना त्या ओळीवर अंगठा ठेवायचा.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये एएफसी विम्बल्डन प्लाऊ लेनवर परतला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या स्टेडियमवर. ज्यांनी पैसे घालून ते उभं केलं त्यांना कोविडमुळे पहिल्या सामन्याला आत जाता आलं नाही. शेजाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, अठरा वर्षं थांबलो, अजून थोडं थांबू.

•••

विम्बल्डनची गोष्ट वाचून पुढचं काही सुचेना, म्हणून लहानसं. घरी दोन लहान मुलं, वडील आजारी. गेला संपूर्ण हंगाम मी एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. रात्री सगळे झोपल्यावर फक्त निकाल आणि कोण जखमी झालं तेवढं बघायचे. मैदानात किती वेळा गेलात, किती रात्री जागलात, याचा हिशेब मांडणाऱ्यांना एवढंच सांगेन की सवड आणि निष्ठा यांची गल्लत करू नका.

(वर एप्रिलचा नियम मीच मांडला होता. लहान मुलं असणाऱ्यांना त्यातून सूट.)

•••

जर्मनीतला क्लब डॉर्टमुंड. २७ मे २०२३, हंगामाचा शेवटचा दिवस. माइंझला घरी हरवलं की लीग आमची, दहा वर्षांची बायर्नची सद्दी संपणार. २-२. बायर्नने शेवटच्या मिनिटांत गोल करून गोलफरकावर नेली. दक्षिण स्टँडवर पंचवीस हजार माणसं उभी असतात. मला वाटलं पाच मिनिटांत ती भिंत रिकामी होईल. एक माणूस हलला नाही. प्रशिक्षक समोर येऊन रडत उभा आणि ते गात होते. मी हे पडद्यावर पाहिलं. त्याआधी मला जर्मन लीगमध्ये काडीचाही रस नव्हता.

तेव्हा मी कदाचित एकमेव माणूस असेन जो संघ हरल्यामुळे त्याचा चाहता झाला.

•••

इथे सगळेच संत दिसताहेत, म्हणून एका पाप्याचीही हजेरी लावून घ्या. मी हंगामी चाहता आहे आणि मजेत आहे. २०१६ च्या वसंतात इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबचा कट्टर पाठीराखा होतो. हंगामाच्या सुरुवातीला ज्यांच्या विजेतेपदावर एकास पाच हजार भाव होता, ते खरोखर लीग जिंकत होते. अशा वेळी जो नाचला नाही त्याला फुटबॉल कळतच नाही. जर्सी घेतली, त्यांचा स्ट्रायकर वार्डी याच्या नावाची. ती आता घरकामाला वापरतो. जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो म्हणा हवं तर. पण निष्ठावानांनो, तुमचं दुःख ऐकायलाही आमच्यासारखे कोणीतरी लागतातच की!

•••

वरच्यांना उत्तर द्यायचा हक्क माझ्याइतका कोणाला नसेल. मीही लेस्टरकडे २०१६ मध्येच आलो, त्याच वाऱ्याबरोबर. तुम्ही गेलात, मी राहून गेलो. का, ते नेमकं सांगता येत नाही. बहुधा दुसऱ्या वर्षी राखीव गोलकीपरचं नाव पाठ झालं तेव्हा उशीर झाला होता.

२०२३ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी आम्ही वेस्ट हॅमला २-१ ने हरवलं आणि तरी खाली घसरलो, कारण तिकडे एव्हर्टन जिंकलं. एका वर्षात वर आलो. मग २०२४-२५. घरच्या मैदानावर ओळीने नऊ लीग सामने हरलो, आणि नऊच्या नऊ सामन्यांत एकही गोल नाही. इंग्लिश लीगच्या इतिहासात असं आधी कोणालाच जमलं नव्हतं. त्या काळात आमच्या घरचे खोलीत डोकावून ‘झाला का?’ एवढंच विचारायचे आणि मी मान हलवायचो. नवव्या सामन्यात रेलिगेशनवर, म्हणजे खाली घसरण्यावर, शिक्कामोर्तब झालं.

आणि मग मे महिन्यात, सगळं संपलेलं असताना, इप्सविचविरुद्ध वार्डीचा लेस्टरसाठी ५०० वा आणि शेवटचा सामना. त्यात त्याने २०० वा गोल केला. घसरलेल्या दोन संघांमधला सामना, कोणालाच काही मिळायचं नव्हतं. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे विचारायला आले.

तर तुम्ही ती जर्सी घरकामातून मोकळी करा, धुवा आणि या परत. सध्या आमच्याकडे जागा भरपूर आहे.