तोट्यातला गोठा सावरायचा कसा?

प्रश्न : संगमनेरजवळ माझ्याकडे १२ होल्स्टीन गाई आहेत, त्यांपैकी ७ दुधात आहेत आणि खुराकाचे बिल भागवतानाच दुधाचा पगार संपतो. काही गाई विकाव्यात का?

उत्तर १ : विकण्याआधी भाकड गाईंच्या नोंदी पाहाव्यात. माज (गाय गाभण राहू शकते तो काळ) साधारण २१ दिवसांनी येतो, पुष्कळदा रात्री किंवा पहाटे दिसतो, आणि तो हुकला की तीन आठवड्यांचा चारा वाया जातो. माझ्या गोठ्यातला खरा तोटा तिथेच होता.

उत्तर २ : खुराकाचे बिल कमी करायचे तर मका दाणा चिकात असताना कापून मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा) करावा. कुट्टी मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकले, तर मका आणखी सुकू द्यावा.

प्रश्नकर्ता : नोंदी पाहिल्या. दोन गाई चार-चार वेळा उलटल्या आहेत, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या आहेत. त्यांची पशुवैद्यकांकडून तपासणी करून घेतो.