जुनी नेक्सॉन ईव्ही घेताना काय तपासावे?

प्रश्न: पुण्यात 2021 ची, 30.2 किलोवॅट-तास बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही पहिल्या मालकाकडून घेण्याचा विचार आहे. विजेवरची गाडी आम्ही प्रथमच घेत आहोत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1: बॅटरी व मोटारीची हमी 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर असते, त्यामुळे उरलेली मुदत आणि ती आपल्या नावे चालू राहील का, हे लेखी विचारून घ्यावे. पडद्यावरील रेंजवर (एका चार्जमध्ये गाडी किती अंतर जाईल त्या आकड्यावर) विसंबू नका, कारण तो आकडा आधीच्या मालकाच्या चालवण्यावरून काढलेला असतो; अधिकृत सेवा केंद्राकडून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मिळाल्याशिवाय इसार (आगाऊ रक्कम) देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर 2: वरील मताशी सहमत आहे. सोसायटीतील पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि चांगले अर्थिंग आधी करून घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कदापि वापरू नका. घरी पूर्ण चार्जिंगला साधारण नऊ तास लागतात.

उत्तर 3: प्रमाणित रेंज 312 किलोमीटर असली, तरी प्रत्यक्षात दोनशेच्या आसपासच धरावी. ही बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असल्याने ती अधूनमधून सावकाश शंभर टक्के भरावी, म्हणजे बॅटरीतील सगळे सेल (छोटे घटक) सारखेच भरलेले राहतात.