लेझर फ्यूजनमधे गरम इलेक्ट्रॉन कामाचे का नुसता ताप?

प्रश्न (नांदेड): एमएस्सी फिजिक्सला आहे. लेझर फ्यूजनमधे, म्हणजे लेझरनं इंधनाची गोळी दाबून अणुकेंद्रं जुळवण्यात, सर म्हणले हे गरम (लई वेगानं पळणारे) इलेक्ट्रॉन इग्निशन (इंधन पेटणं) बिघडवतेत, अन् फास्ट इग्निशनमधे तर त्यांनीच पेटवायचं. कसं काय?

उत्तर (लातूर): दोन्ही खरंय, सगळा खेळ वेळेचा. लेझर प्लाझ्मात (गोळीभोवतीच्या तापलेल्या, विद्युतभारित वायूत) शिरला की रामन स्कॅटरिंगनं (प्रकाश विखुरण्यानं) त्यात लाटा उठतेत, त्या इलेक्ट्रॉनला पळवतेत, ते आत घुसून इंधन दबायच्या आधीच तापवतेत, मग ते नीट दबतच नाही.

उत्तर (परभणी): फास्ट इग्निशनमधे आधी दाबायचं, मग पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या) लेझर पल्सनं एमईव्हीचे (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्टीतल्या ऊर्जेचे) इलेक्ट्रॉन गाभ्यात सोडायचे. पण ते लई फाकतेत, खरी अडचण हीच. एनआयएफनं (अमेरिकेतली लेझर फ्यूजनची प्रयोगशाळा) २०२२ ला २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ काढले, ते या पद्धतीनं नाही.

प्रश्नकर्ता: अन् शॉक इग्निशनमधे?

उत्तर (लातूर): तिथं दाबलेलं इंधन शेवटी जोरदार धक्क्याच्या लाटेनं (शॉकनं) पेटवतेत. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन, साधारण १०० केईव्हीच्या (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आतले, इंधनाच्या बाहेरच्या दाट थरात अडकले तर शॉकला उलट जोर मिळू शकतो.